सोमवारचं उपाशी नाक

ज्यांनी मला हात दिला त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. पूर्ण नाव लिहीत नाही. ते नाव बीडमध्ये एकदा माझ्यामुळं लोकांच्या तोंडी लागलं आहे, पुन्हा लावायचं नाही. जुन्या बाजारातल्या एका बोळात अप्पांचं काचसामानाचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, सत्तरी ओलांडली तरी दारूचा थेंब जिभेला लागलेला नाही. आणि रम कुठल्या ग्लासात प्यावी, हे मला त्यांनी शिकवलं. त्या शिकवणीवर मी आज गोव्यात एका हॉटेलच्या बारमध्ये काम करतो. त्याच शिकवणीपायी देवळातली तीर्थाची पळी अप्पांच्या हातून गेली. पहिली गोष्ट मी इथं सगळ्यांना सांगतो. दुसरी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

मी घाटनांदूरकडचा. आठवीनंतर शाळा सोडली. चोविसाव्या वर्षी मांजरसुंब्याला, हायवेवरच्या एका परमिट रूममध्ये वेटर होतो. आईला मात्र 'जेवणाचं हॉटेल' एवढंच सांगितलं होतं. आमच्या घरात माळ आहे, दारूचं नाव काढलं तरी आई चूळ भरते. त्या परमिट रूममध्ये ग्लास फार फुटायचे. एका सोमवारी मालकानं मला ग्लास आणायला बीडला पाठवलं. सोमवारी निम्म्या लोकांचा उपास असतो, बार रिकामा असतो, म्हणून सोमवार.

दुकानात शिरलो तर अप्पा एक ग्लास कानाशी धरून त्याला नखानं टिचकी मारत होते.

"दोन डझन गिलास पाह्यजेत."

"काय ओतायचंय?"

समोर भस्माचे पट्टे, मागं महादेवाची तसबीर, उदबत्ती चालू. मी म्हणालो, "पाणी."

"कुठून आलास?"

"मांजरसुंब्याहून."

"आन् पाणी म्हन्ताना एवढा घाम कावून आला बे?"

शेजारी अत्तराचं दुकान. तिथले चाचा अप्पांच्या पायरीवर बसून पेपर वाचत होते. ते डोकं वर न करता म्हणाले, "बोल दे ना बेटा, दारू बोल दे. अप्पा पीते नै, मगर सूंघ के सब बता देते."

माझे कान तापले. पण अप्पांच्या चेहऱ्यावर ना राग ना हसू. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "बर्फ टाकतेत का नुसतीच?"

ही त्यांची रीत. गिऱ्हाईक कोण, कुठलं, याच्याशी देणंघेणं नाही, पण आत काय जाणार हे कळल्याशिवाय ग्लास कागदात बांधायचा नाही. ताकाला वेगळा, सरबताला वेगळा, औषधाचा काढा घेणाऱ्या म्हाताऱ्याला जाड बुडाचा, हात थरथरला तरी न लवंडणारा. एकदा एका डॉक्टरसाहेबांचा ड्रायव्हर सहा ग्लास घ्यायला आला. अप्पांनी विचारलं, "सायेब पाणी घालून घेतेत का सोडा?" ड्रायव्हर बिचारा इकडं तिकडं बघायला लागला. "मला काय माहीत अप्पा, मी गाडीत असतो." "मग इचारून ये." आणि तो खरंच गेला, आणि विचारून आला. एका बाईंना शोकेसमध्ये ठेवायला लांब दांडीचे ग्लास हवे होते. अप्पा म्हणाले, "ताई, शोकेसला फोटो लावा. माझे गिलास वापरायचे हायेत." बाई तावातावानं निघून गेल्या. चाचा म्हणाले, "अप्पा, ऐसे में दुकान नै चलता." अप्पा म्हणाले, "चालतंय की. तुमी रोज बघताव न्हवं?"

पुढं मी दर सोमवारी जायला लागलो. कधी ग्लास आणायला, कधी नुसताच. मला तिथं बरं वाटायचं. मला लहानपणापासून कुणी प्रश्न विचारला की धडधडतं. फळ्यापाशी बोलावलं की येत असलेलं उत्तरही जायचं. अप्पा प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघत शांत काच पुसत बसायचे. घाई नाही. एवढा वेळ मला आधी कुणी दिला नव्हता.

त्या दुकानात आधी गुळाची आडत होती. अप्पांचे वडील आणि मग अप्पा, दोघांनी गुळात जन्म काढला. ऊस कारखान्याकडं गेला, गुऱ्हाळं बसली, तेव्हा अप्पांनी त्याच फळ्यांवर काच मांडली. फळ्या अजून गुळाच्याच आहेत, उन्हाळ्यात त्यांना मुंग्या लागतात. ढेप फोडल्याबरोबर नुसत्या वासावरून अप्पा सांगायचे, हा कोणत्या जमिनीतला, याच्या कढईखाली जाळ जास्त झाला, याच्यात रस निवळायला घालतात ती भेंडी कमी पडली. रमचं गणित त्यांना तिथून सुटलं होतं. "रम म्हंजी कोन? उसाची नात," ते म्हणायचे. "ऊस आज्जा, मळी माय. आज्ज्याचा वास नातीत उतरला का न्हाई, तेवढं बघायचं. ते बघायला जीब लागत न्हाई, नाक लागतंय."

आणि नाक फक्त सोमवारी. त्या दिवशी त्यांचा कडक उपास असायचा, संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. "भरल्या पोटाचं नाक खोटं बोलतंय. उपाशी नाक खोटं बोलत न्हाई." मंगळवारी कुणी वासाचं काही विचारलं तर सरळ म्हणायचे, "सोमवारी या."

दुकानात एकही ग्लास पालथा नसायचा. घराघरात ग्लास पालथा घालतात, धूळ जाऊ नये म्हणून. अप्पा वर मलमलीचं फडकं टाकायचे. पालथा ठेवलेला ग्लास फळीचा वास पितो, म्हणायचे, मग त्यात काही ओता, आधी फळीच प्यावी लागती. साबण जवळपास नाही. कढत पाणी आणि जुन्या धोतराचा तुकडा. मी आजही इथं तसंच करतो. नवी पोरं हसतात. मी तीन-तीनदा ग्लास नाकाशी धरून बघतो, तेव्हा जास्त हसतात.

त्यांच्याकडं एक माणूस यायचा. त्याचे हात सकाळपासूनच थरथरायचे. एकदा त्यानं मोठा ग्लास मागितला. अप्पा म्हणाले, "न्हाई." तो म्हणाला, "पैशे देतो की." अप्पांनी एक ग्लास उचलला, त्याचं बूड त्याला दाखवलं. "हे कशाला असतंय?" तो बघत राहिला. "गिलास खाली ठिवायला असतंय. ज्याला खाली ठिवता येतो त्यालाच मी गिलास देतो. तुला येत न्हाई. आला की ये." तो शिव्या देत गेला. तेव्हा मी एकदाच धीर करून विचारलं, "अप्पा, तुमी घेत न्हाई, देवधर्म करता, मग असले गिलास विकताच कावून?"

अप्पांनी बराच वेळ काच पुसली. मग म्हणाले, "मी न विकल्यानं कोन सोडणार हाय? पण मानूस चांगल्या गिलासात हळू पितंय. वास घेत बसला तर एकातच त्याचं मन भरतंय. वंगाळ गिलासात घटाघटा जाती."

हे खरं की खोटं, मला ठरवता येत नाही. मी दोन्ही पाहिलं आहे.

मग ती गोव्याची गोष्ट निघाली. आमच्या गावचा एक जण तिथल्या हॉटेलात स्वयंपाकघरात होता. त्यानं फोनवर सांगितलं, बारमध्ये माणूस पाहिजे, आठ दिवस बघतील, जमलं तर कायम. "ग्लासांचं काही येतं का म्हणून विचारतेत," तो म्हणाला. मी म्हणालो, "येतं." म्हणालो खरा, आणि त्या रात्रीपासून झोप गेली. मांजरसुंब्याला आमच्याकडं एकच ग्लास होता. रम, व्हिस्की, बिअर, पाणी, सगळं त्यातच. तिथं जाऊन उभा राहिलो आणि कुणी विचारलं तर? सर्टिफिकेट नाही, इंग्रजी नाही. हातातलं होतं तेही जाईल आणि गोव्याचंही मिळणार नाही.

पुढच्या सोमवारी दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. अप्पा आल्याबरोबर म्हणालो, "अप्पा, मला काच शिकवा. महिनाच हाय."

"काय ओतायचंय?"

"रम," मी म्हणालो. त्यांना पहिल्यांदा खरं सांगितलं. "आन् बाकीचं बी. पण अप्पा, मी बारमधी हाय हे कुनाला सांगू नका. बीडला आमच्या गावचं रोज कोनी ना कोनी येतंय. आईच्या कानावर गेलं तर..."

"न्हाई सांगत," अप्पा म्हणाले आणि कुलूप काढलं.

त्यांनी पाच ग्लास मांडले. पाचांना त्यांनीच ठेवलेली नावं. बुटका, जाड बुडाचा आणि सरळ. उंटीण, उंच आणि सडपातळ. परात, दांडीवर उभी आणि तोंड पसरलेलं. नगारा, मोठ्या पोटाचा आणि आवळ्या तोंडाचा. आणि कळी, लहानशी, पोटात थोडी फुगलेली, वर मिटत आलेली. मग जुना काळा गूळ कढत पाण्यात विरघळवला, त्यात सुंठेचा खडा टाकला आणि पातेलं माझ्यापुढं सरकवलं. "ओत."

मी पाचही ग्लास काठोकाठ भरले. एक थेंब सांडू दिला नाही. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"हे काय केलंस?"

"भरले की."

"एवढे?"

"अप्पा, पाहुण्याला अर्धा गिलास कसा द्यायचा? तोंडावर मारल्यासारखं हाय ते."

चाचा पायरीवरून हसले. "सच बोलता है. हमारे यहाँ बी चाय बशी में नै गिरी तो मेहमान नाराज."

अप्पा हसले नाहीत. त्यांनी चार बोटं आडवी धरून कळीतलं पाणी तिच्या पोटाच्या जरा खालपर्यंत कमी केलं. "पाहुणचार घरी. हितं रिकामी जागा बी गिऱ्हाइकाचीच हाय. ती तू भरलीस तर वास कुठं बसंल? तुझ्या डोक्यावर?"

ते वाक्य मी पाठ केलं. तेव्हा कळलं नव्हतं, पाठ मात्र केलं.

मग डोळे मिटायला लावून एकेक ग्लास नाकाखाली धरला. परातीत गूळच नव्हता, नुसतं गरम पाणी. "तोंड येवढं पसरलंय, नाक पोचायच्या आधी वास निघून गेला." नगाऱ्यात गूळ अंगावर आला. "खरी दारू असती तर नाकात मिरची गेली असती. हा सगळंच एकदम बोलतो. ह्यात ब्रँडी देतेत, पण लई थोडी, आन् नाक खुपसायचं न्हाई." बुटका बर्फासाठी, आणि थंडीत रममध्ये गरम पाणी घेणाऱ्यासाठी. जाड काच, हात भाजत नाही. ज्याला काळं गोड पाणी घालून प्यायचं आहे त्याला उंटीण. "तिथं रमचा वास शोधूच नको, वरात निघाली हाय ती." आणि कळी. कळीत आधी गूळ आला, मग मागून हळूच सुंठ. मी डोळे उघडले.

"आली का सुंठ?"

"आली."

"कळी थोडं बोलती, थोडं राखून ठिवती. नुसती घोट घोट प्यायची रम आसंल, जुनी आसंल, तर हिच्यात. दांडी न्हाईतर बूड धरायचं, पोट धरायचं न्हाई. हाताच्या गर्मीनं दारू उतावीळ व्हती."

असे तीन सोमवार गेले. शेवटचा राहिला. आणि मला भीतीनं घेरलं. मी अप्पांना म्हणालो, "सगळं गुळाच्या पाण्यावर शिकलो. खऱ्या दारूपुढं नाक चाललं न्हाई तर? एकदा खऱ्यावर बघून द्या ना."

"दुकानात दारू यायची न्हाई," अप्पा म्हणाले. "हितं लक्ष्मी हाय."

"मग तुमी तिकडं या. दुपारी कोनी नसतंय. सोमवारच हाय."

अप्पा काच पुसत राहिले. मी विनवण्या केल्या. रडायचंच बाकी होतं. चाचांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "नक्को अप्पा. ये बच्चा है, तुम तो नै." अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "एस्टी किती वाजता हाय?"

सोमवारी दुपारी अप्पा मांजरसुंब्याला उतरले. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, हातात कडब्यात बांधलेली ग्लासांची पेटी, काखेत घरच्या पाण्याची बाटली. आमच्या हॉटेलचं पाणीही त्यांनी घेतलं नाही. मालक पहिल्यांदा उभा राहिला, मग त्याला काय करावं कळेना म्हणून त्यानं पंखा मोठा केला.

अप्पांनी सहा ग्लास टेबलावर मांडले, पाच शिकवणीतले आणि एक आमचा रोजचा. मी सहांत थोडी थोडी जुनी रम ओतली. अप्पा पाठ ताठ ठेवून बसले होते. एकेक ग्लास उचलायचे, नाकापासून चार बोटं लांब धरायचे, डोळे मिटायचे, खाली ठेवायचे. तोंड घट्ट मिटलेलं. आमच्या रोजच्या ग्लासापाशी आले आणि म्हणाले, "ह्याला फिनेलचा वास हाय बे." मालक आत निघून गेला. शेवटी कळी. तिथं ते बराच वेळ थांबले. चेहरा बदलला. म्हणाले, "गुऱ्हाळ हाय की हे. शेवटचं आदन. कढईच्या काठाला लागून करपलेला गूळ, आन् मागं वाळलेलं पाचट." मग मला म्हणाले, "तू बघ." मी नाक लावलं. भीती होती की काहीच येणार नाही. आला. करपलेला गूळ आला, पाचट आलं, आणि आणखी एक काहीतरी, मला नाव सांगता आलं नाही. अप्पा म्हणाले, "नाव न्हाई आलं तरी चालतंय. आला न्हवं? जा आता गोव्याला."

मालक बाहेर येऊन म्हणाला, "अप्पा, झालं आसंल तर संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला देतो मग ही." दारू वाया घालवायची कशाला, असं त्याचं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "माझ्या नाकाखालून गेलंय ते. उष्टं झालं. हुंगलेलं फूल देवाला घालता का? टाका."

"ती काय देवाला जायची हाय का?"

"ज्याला जायची त्याला. टाका."

मागच्या मोरीत ओतायला मी सहाच्या सहा ग्लास टेबलावरच एका ताटात मांडले. तेवढ्यात दारात गाडी थांबली. अप्पांच्या बोळातल्या देवळाच्या कमिटीचे एक जण चहाला उतरले. काचेतून त्यांनी आत पाहिलं. परमिट रूम, टेबलाशी भस्म लावलेले अप्पा, पुढं सहा ग्लास. त्यांची नजर आणि माझी नजर भिडली. मी घाबरलो, घाईनं ताट उचलून वळलो, आणि ते कलंडलं. सगळी रम अप्पांच्या धोतरावर.

मी फडकं घेऊन धावलो. अप्पा म्हणाले, "राहू दे. काच फुटली न्हाई न्हवं?" फुटली नव्हती. त्यांनी कडब्यात एकेक ग्लास परत गुंडाळला. आणि त्याच धोतरात, भर दुपारी, भरल्या एस्टीत बसून ते बीडला गेले. गाडी सुटताना खिडकीपाशी बसलेल्या बाईनं नाकाला पदर लावलेला मी बघितला.

कळी मात्र त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. म्हणाले, "ही तुझी."

दोन दिवसांनी मी गोव्याला निघालो. पहिल्या आठवड्यात मॅनेजर फार बोलला नाही. त्यानं सगळं बघितलं. पाचव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले, गोव्यातलेच, रोजचे. त्यांनी जुनी रम मागितली, नुसती. मॅनेजरनं नगारा काढून ठेवला. मी म्हणालो, "सर, एक मिनिट." मागच्या कपाटात दात कोरायच्या काड्या ठेवायला कळीसारखेच ग्लास होते, ते मी पहिल्याच दिवशी हेरले होते. एक काढला, कढत पाण्यानं धुतला, पुसला, हुंगला. पुन्हा हुंगला. ओतताना हात आपोआप वर चालला होता, आमच्या घरचा हात. पोटाच्या खाली थांबवला. रिकामी जागा सोडली. गृहस्थांनी ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ प्यालेच नाहीत. मग मॅनेजरला म्हणाले, "आजवर मला हे कशातून देत होतास?"

मॅनेजरनं नंतर विचारलं, "कुठं शिकलास?"

"बीडला."

"बीडला कॉलेज आहे याचं?"

"कॉलेज नाही सर. दुकान आहे."

मी कायम झालो. आनंदानं अप्पांना फोन लावला. अप्पा फोन धरत नाहीत, त्यांचा फोन चाचाच उचलतात. मी सांगितलं. चाचा म्हणाले, "मुबारक बेटा." पण आवाजात खुशी नव्हती. मी विचारलं, "अप्पा बरे हायेत ना?"

चाचांनी सांगितलं ते असं. बोळाच्या टोकाला महादेवाचं देऊळ. श्रावणातल्या सोमवारी तिथं रांग लागते आणि तीर्थाची पळी अप्पांच्या हातात असते. तीस-पस्तीस वर्षं. अप्पांची पळी प्रसिद्ध. ना कमी ना जास्त, तळहातात बरोबर मावेल एवढं, कोपरावर ओघळ नाही. कमिटीनं अप्पांना बोलावलं. विचारलं, "अप्पा, तुमी मांजरसुंब्याला बारमधी गेलता?"

"गेलतो."

"पुढं गिलास होते?"

"सहा होते."

"आन् धोतराला वास?"

"रम सांडलती."

"कशाला गेलता?"

"वास घ्यायला."

लोक हसले. म्हणे, सहा ग्लास पुढं घेऊन अप्पा वास घेत होते. मग एक जण म्हणाला, कुणासाठी गेलता, त्याला बोलवा, तो सांगंल. अप्पा म्हणाले, "त्याचं नाव सांगायचं न्हाई असं ठरलंय." त्यावर सगळ्यांचं ठरलं. पळी दुसऱ्याला दिली.

"चाचा, तुमी तरी सांगायचं," मी म्हणालो.

"मैं बोला. मेरे को बोले, चाचा, ये हमारे देवळ का मामला है." आणि पुढं म्हणाले, "तू बोलता तो अलग बात थी."

मी फोन ठेवला. त्या दिवशी माझ्या हातून दोन ग्लास फुटले.

पुढच्या वर्षी सुट्टी मिळाली ती श्रावणातच. गोव्यात पावसात गिऱ्हाईक नसतं. सोमवारी सकाळी दुकानात गेलो. गोव्याहून एक चांगला कळीसारखा ग्लास त्यांच्यासाठी नेला होता. अप्पांनी टिचकी मारली, कानाशी धरला. "काच चांगली हाय. काठ जाड हाय." एवढंच. मग म्हणाले, "नाक कसं हाय?" मी म्हणालो, बरं आहे. देवळाचा विषय त्यांनी काढला नाही. आता काढीन, मग काढीन, असं मी मनाशी म्हणत होतो. माझ्याच्यानं निघाला नाही.

थोड्या वेळानं ते तीर्थाला निघाले. मीही मागं गेलो. रांग होती. ज्या दारात ते पळी घेऊन उभे राहायचे, त्या दाराकडं ते रांगेतून चालले होते, सगळ्यांसारखे. पळी एका तरण्या माणसाच्या हातात होती. तो घाईत ओतत होता, लोकांच्या बाह्या भिजत होत्या. अप्पांची पाळी आली. त्यांनी तळहात पुढं केला, जरासा खोल केला, बोटं मिटत आणली. कळीसारखा. त्या माणसानं फार ओतलं, ओघळ कोपरापर्यंत गेला. अप्पांनी तीर्थ घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

कमिटीचे ते गृहस्थ खांबाशीच उभे होते. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो. रांगेत आमच्या गावची दोन माणसं होती. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला. "काय रे, कुठं असतोस?" एकानं विचारलं. मी म्हणालो, "गोव्याला. हॉटेलात. जेवणाच्या." अप्पा पुढं होते, त्यांनी ऐकलं. मागं वळले नाहीत.

दुकानात परत आल्यावर त्यांनी मला गूळ दिला, पाणी दिलं आणि म्हणाले, "बसची येळ झाली आसंल." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

मला अजूनही धडधडतं. नवा मॅनेजर आला की वाटतं, हा सर्टिफिकेट विचारणार. पण ते धडधडणं वेगळं. त्यात जास्तीत जास्त माझं काही जाईल. अप्पांचं गेलं ते माझ्या पदरात पडलं आहे, आणि मी ते वापरतो आहे, रोज, प्रत्येक ग्लासात सोडलेल्या त्या रिकाम्या जागेत.

आईला मी गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं. बारमध्ये आहे म्हणून. तिनं चूळ भरल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तू घेतोस का?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग जेवलास का?" एवढ्याशा गोष्टीसाठी अप्पांनी वर्षं रांगेत काढली.

येत्या श्रावणात पहिल्या सोमवारची सुट्टी मागितली आहे. नाही मिळाली तर दुसऱ्या सोमवारची, नाहीतर तिसऱ्या. देवळाच्या दारात, रांग उभी असताना, त्या खांबापाशी मी माझं नाव सांगणार आहे. पूर्ण नाव, गावासकट. तो वेटर मी, रम मी ओतली, सांडली मी, आणि अप्पांनी थेंब घेतला नाही. लोक हसले तर हसू देत. मग पळी अप्पांच्या हातात परत द्या म्हणून सगळ्यांपुढं सांगणार आणि त्यांच्या हातचं तीर्थ घेतल्याशिवाय हलणार नाही. अप्पा नको म्हणतील, हे मला माहीत आहे. पण माझी पाळी आली की ते विचारतीलच, सवय आहे त्यांची.

"काय ओतायचंय?"

तेव्हा मी खरं सांगीन. पाणीच मागायचं असेल त्या दिवशी, आणि घाम येणार नाही.